खुर्चीच्या मागे, जरा उजवीकडे

घंटा झाली, कोरीन दार लोटून आत गेली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. एकीवर करड्या मिशांचा, चौकड्यांचा शर्ट घातलेला एक माणूस पेशंट होऊन बसला होता. दुसरी रिकामी होती. कोपऱ्यात एक बाई मांडीवर कागद घेऊन बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. कोरीननं रिकाम्या खुर्चीच्या मागे, जरा उजवीकडे उभं राहून हात पोटाशी एकमेकांवर ठेवले, खांदे सैल सोडले आणि ती वाट पाहू लागली. भिंतीतल्या झडपेतून गरम हवा येत होती, तिचा बारीक आवाज. बाहेर रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाडीची घरघर. सकाळपासून पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं, इतकं बरं, की आपण कुठे आणि कशासाठी आलो आहोत तेही जरा मागे पडलं. पेशंट खाकरला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. ती धीर दिल्यासारखं हसली. डॉक्टर लोकांना उशीर व्हायचाच. येतील आता. आणि मग, छपरावरच्या वितळत्या बर्फाचा थेंब नेमका कॉलरच्या आत पडावा, तसं तिच्या लक्षात आलं की कुणीही येणार नाहीये. डॉक्टर तीच होती. निदान दारावरच्या कागदावर तरी तसं लिहिलेलं होतं, आणि तो तिनं आत येण्याआधी नीट वाचलाही होता: तुम्ही डॉक्टर आहात, समोरच्या गृहस्थांना फिट येऊन गेली आहे, यापुढे त्यांना गाडी चालवता येणार नाही, हे त्यांना सांगा.

ही जागा तिच्या पायांना पाठ होती. वीसेक वर्षं ती अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या दवाखान्यांतून अशीच उभी राहत आली होती. बहिऱ्या पेशंटला एकाच नजरेत डॉक्टरचा चेहराही दिसावा आणि दुभाष्याचे हातही, म्हणून ती जागा. डॉक्टर बोलायचे ते तिच्या कानांत शिरून हातांतून बाहेर पडायचं. पेशंट हातांनी बोलायचा ते डोळ्यांत शिरून तोंडातून बाहेर पडायचं. मध्ये ती कुठे नसायचीच. शिकवतानाच सांगतात, चांगला दुभाषी म्हणजे खिडकीची काच, आणि कोरीन फार स्वच्छ काच होती. हृदयाचे एक डॉक्टर, ज्यांच्या मागे ती वर्षानुवर्षं उभी राहिली, ते लिफ्टमध्ये भेटले की अदबीनं विचारायचे, "आपल्याला कुठल्या मजल्यावर जायचंय?" तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट त्यात एक चोरटं सुख होतं. लहानपणी कपाटात लपून बसावं, बाहेर मोठी माणसं हिंडत असावीत आणि त्यांना आपला पत्ता नसावा, त्या जातीचं. तिचे कपडेही त्याच बेताचे: गडद, एकरंगी, हात उठून दिसावेत असे, नखांना रंग नाही, बोटांत अंगठी नाही. त्यामुळे आज मुलाखतीला काय घालावं हा प्रश्नच तिला पडला नव्हता. इथे येऊन बघते तर बाहेर बसलेली झाडून सगळी पोरंपोरी गडद, एकरंगी कपड्यांत, हात मांडीवर ठेवून. एवढे दुभाषी कशाला बोलावलेत, असं तिच्या मनात आलं आणि तिला एकटीलाच हसू फुटलं. शेजारची मुलगी, तिच्या निम्म्या वयाची असेल, वाकून म्हणाली, "मॅम, आम्हाला आत कधी सोडणार तुम्ही?"

"मला काय माहीत," कोरीन म्हणाली. "मीपण तुझ्यासारखीच बसलेय."

"म्हणजे तुम्ही—" मुलगी म्हणाली, मग लाजून लाल झाली. "तुमची बॅग छान आहे."

या वयात हे खूळ डोक्यात कुठून शिरलं, असं कुणी विचारलं की तिची पंचाईत व्हायची, आणि विचारायचे सगळेच. अर्जात तर पहिला प्रश्न तोच असे. डॉक्टरच का? आत्ताच का? इतर उमेदवारांकडे त्यावर सांगायला एकेक गोष्ट असे: आजीचा आजार, मोडलेला पाय, लांबच्या देशातल्या दवाखान्यात घालवलेली एक सुट्टी. कोरीनकडे शेकडो खोल्या होत्या. बाळ रडलं, हे दमलेल्या, बहिऱ्या आईला कोरीनच्या चेहऱ्यावरून कळलं त्या. वाईट बातमी तिच्याच दहा बोटांनी दिली गेली त्या. पण त्या सगळ्या खोल्यांना तिनं शपथ घेऊन बाहेरून कडी लावलेली होती. खोलीतलं खोलीतच ठेवायचं, हा दुभाष्याचा धर्म. नाव सांगायचं नाही, आजार सांगायचा नाही, झालेली गंमतसुद्धा नाही. प्रवेशाचा सल्ला द्यायला नेमलेला कॉलेजातला मुलगा म्हणाला, "मग नावं बदलून लिहा ना."

"बहिऱ्यांचं गाव लहान असतं," ती म्हणाली. "नाव बदललंस तरी नाकावरून ओळखतात."

त्यानं उसासा टाकला. "आणखी एक सांगतो, रागावू नका हं. तुमचं हे काम अनुभव म्हणून धरतीलच असं नाही. तुम्ही खोलीत होतात, पण उपचारांत नव्हतात."

राग यायला हवा होता. पण तिला वाटलं, पोरगा खरं तेच सांगतोय. आपण इतकी वर्षं नेमकं हेच तर साधलं, की आपण कशात नसावं. मग अनुभव मिळावा म्हणून ती शनिवारी शाळकरी पोरांच्या बरोबरीनं, छातीवर 'स्वयंसेवक' असा बिल्ला लावून, त्याच दवाखान्यात चाकाच्या खुर्च्या ढकलू लागली. पहिल्याच शनिवारी लिफ्टमध्ये हृदयाचे डॉक्टर भेटले. "आपल्याला कुठल्या मजल्यावर जायचंय?" ते म्हणाले. ते ऐकून खुर्चीतल्या म्हातारीनं, डॉक्टरांनी तिलाच विचारलंय असं समजून, आपली सगळी कहाणी सुरू केली, आणि कोरीन इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामावर असताना मोठ्यानं हसली. स्वयंसेवकाला हसायला बंदी नव्हती.

शेवटी तिला शपथेबाहेरची एक खोली आठवली. ती अकरा वर्षांची असताना वडिलांच्या पित्ताशयात खडे झाले. तेव्हा दुभाषी कुठले. आईवडील दोघंही बहिरे, म्हणून शाळा बुडवून तिलाच नेलं. डॉक्टर तिच्या डोक्यावरून वडिलांकडे बघत म्हणाले, "बाबांना सांग बाळ, तळलेलं बंद. अजिबात." तिनं वडिलांकडे वळून हात उचलले, आणि त्या हातांसमोर एकाएकी शुक्रवार उभा राहिला. चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी व्हायच्या जेवणाची लांब टेबलं, कागदी ताटाच्या बाहेर लोंबणारा तळलेला मासा, व्हिनेगरचा वास, वडिलांचे चमकणारे ओठ. सगळ्या आठवड्यात तेवढीच एक संध्याकाळ वडील कारखान्याचा शीण विसरून गोष्टी सांगत. तिनं सांगितलं, "तळलेलं बंद. शुक्रवार सोडून." वडिलांनी गंभीरपणे मान डोलावली. पुढे कित्येक वर्षं आई रागावली की ते ऐटीत सांगायचे, डॉक्टरांचंच म्हणणं आहे हे. आणि ती समोर बसून त्यांच्या प्रत्येक घासाबरोबर धास्तावायची आणि सुखावायची, दोन्ही एकदम. मेडिकल कॉलेजच्या निबंधात तिनं हेच लिहिलं. लिहिलं, की माझ्या आयुष्यात मी दिलेला तो पहिला औषधोपचार. तो चुकीचा होता, पण पेशंटनं तो मनापासून पाळला, आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या सांगण्यात एक शब्दसुद्धा माझा घातलेला नाही. आता मला माझे शब्द घालायचे आहेत, पण आधी ते शिकून. सल्लागार मुलानं वाचलं आणि डोकं खाजवलं. "हे हसण्यासारखं झालंय. चालेल का?" आधीच्या दोन वर्षी तिनं गंभीर निबंध पाठवले होते आणि सगळीकडून गंभीर नकार आले होते. या वर्षी हा पाठवला आणि एका, फक्त एका, कॉलेजनं बोलावलं. प्रवेश परीक्षेचे मार्क या हिवाळ्यापुरतेच चालणार होते. पुन्हा त्या परीक्षेला बसायचं नाही, असं तिनं स्वतःशी ठरवलं होतं, आणि त्याहून अवघड म्हणजे आईला सांगून टाकलं होतं. आईनं हातातला चमचा ठेवून विचारलं होतं, "किती वर्षं दार ठोठावणार आहेस? उघडलं तरी शिकून बाहेर पडेपर्यंत तुझे केस माझ्यासारखे होतील." "ते तसेही होणारच आहेत," कोरीननं हातांनी उत्तर दिलं. आईनं तिच्या केसांकडे नीट बघितलं. "झालेत," ती म्हणाली. बहिरी माणसं कानांनी ऐकणाऱ्यांसारखी बोलण्याला मखमल लावत बसत नाहीत. "ही शेवटची खेप, आई," कोरीन म्हणाली होती. आणि आता त्या एकुलत्या एका बोलावण्याच्या खोलीत ती खुर्चीच्या मागे उभी राहून डॉक्टरची वाट बघत होती.

कोपऱ्यातल्या बाईंची पेन्सिल कागदावर चालली. काय लिहिलं असेल त्यांनी? 'उमेदवार उभी आहे.' याहून जास्त लिहिण्यासारखं तरी काय होतं. आणि कोरीनच्या आत, तिलाच नवल वाटावं असं, काहीतरी खुदखुदलं. "माफ करा हं," ती पेशंटला म्हणाली. "मी डॉक्टरांची वाट बघत होते."

पेशंटच्या मिशा हलल्या. "मीपण," तो म्हणाला.

मग ती पुढे आली आणि बसली. खुर्ची कोमट होती. आधीचा उमेदवार नुकताच तिच्यातून उठून गेला होता. का कोण जाणे, त्या उबेनं तिची भीती थोडी उतरली. डॉक्टरची खुर्ची ही काही कुणासाठी थंड, कोरी ठेवलेली वस्तू नव्हती. एकजण उठतो, दुसरा बसतो. इथून खोली वेगळीच दिसत होती. पेशंटचे गुडघे जवळ होते. त्याच्या शर्टाचं मधलं बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. आणि तो सरळ तिच्याकडे बघत होता. वीस वर्षांत माणसांनी तिच्या हातांकडे बघितलं, किंवा तिच्यापलीकडे. हे बघणं तिच्यापाशी येऊन थांबत होतं.

तिनं पेशंटला जे सांगायचं ते सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. आईच्या घरात ती कुणी शिकवलीच नव्हती. "तुम्हाला फिट आली होती. ती परत येऊ शकते. म्हणून आता गाडी चालवायची नाही."

"मी दुधाचा टँकर चालवतो, बाई," तो म्हणाला. "बापानं चालवला, मी चालवतो. गाडी नाही चालवायची तर काय, घरी बसून बायकोच्या टीव्हीचं रडगाणं ऐकू?"

वाक्य आत आलं आणि आतच राहिलं. इतकी वर्षं आलेलं प्रत्येक वाक्य तिच्यातून पलीकडे गेलं होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी दारात पोचलं होतं. हे मात्र येऊन बसलं, पाहुण्यासारखं, आणि तिच्या तोंडाकडे बघू लागलं. तिच्या मांडीवर बोटं आपोआप हलायला लागली होती. ती त्यांना म्हणाली, थांबा, हे आपल्यासाठी आहे. रसायनशास्त्राच्या वर्गाचा पहिला दिवस तिला आठवला. प्राध्यापक तिला ओळखत होते; बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती त्यांच्या फळ्याशेजारी कैक वर्षं उभी राहिली होती. तिला दारात बघून ते म्हणाले, "अरे वा, या. आज कुणासाठी?" ती नुसती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली, एकोणीस वर्षांच्या पोरांच्या मध्ये, आणि त्या गृहस्थांनी बराच वेळ ती जागा चुकली असं समजून फळ्याशेजारची जागा मोकळी ठेवली. त्याच वर्गात ती कितीदा उभी राहिली होती, तेच धडे हातांनी सांगितले होते, आणि तिला त्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. सगळं तिच्यातून वाहून गेलं होतं. पहिल्या परीक्षेत ती जेमतेम तरली. पण एके दिवशी बसल्या बसल्या एक रेणू तिच्या मनात आपणहून वळला, आरशातल्यासारखा दुसऱ्या बाजूनं दिसला, आणि तिला वाटलं, थांबला, हा माझ्यापाशी थांबला. आणि घरी जाताना बसमध्ये ती खुळ्यासारखी दोन्ही हातांनी तो रेणू फिरवून फिरवून बघत राहिली होती.

"मला वाटतं," ती पेशंटला म्हणाली, आणि 'मला' म्हणताना तिला गंमत वाटली, "मला वाटतं, तुम्ही घरी बसू नये. पण मला टँकरमधलं काही कळत नाही. तुमच्याकडे गाडी न चालवता करता येईल असं काय काम असतं?"

तो जरा गांगरला. बहुधा या प्रश्नाची तयारी त्याच्याकडून करून घेतलेली नव्हती. "माल मोजून घ्यायला एकजण लागतो," तो म्हणाला. "पण तो आमचा मेव्हणा आहे. मूर्ख आहे."

"म्हणजे जागा आहे."

"बाई, तुम्ही माझ्या बायकोसारख्या बोलता."

कोपऱ्यातल्या बाईंनी खाली मान घातली. फिट पुन्हा येण्याची शक्यता किती, असं त्यानं विचारलं आणि तिनं कबूल केलं, "माहीत नाही. बघून सांगते. अंदाजानं सांगणार नाही." अजून निम्मं बोलायचं राहिलं होतं तेवढ्यात घंटा झाली. ती उठली. त्यालाही आपलं सोंग सोडायचं नव्हतं, म्हणून तो रुसल्या चेहऱ्यानंच म्हणाला, "बरं, डॉक्टर." ती बाहेर येऊन मुलाखतीच्या पुढच्या खोलीच्या दारासमोर उभी राहिली, आणि ते दोन शब्द तिच्या पोटात, उन्हात ठेवलेल्या बरणीसारखे, गरम होत राहिले.

पण परतीच्या रस्त्यावर ऊन उरलं नाही. गाडीच्या काचेवर बर्फ आपटत होता, पुसणी तो बाजूला सारत होती, आणि पुसणीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तिला एकेक चूक आठवत होती. उभी राहिलीस. वाट बघत राहिलीस. डॉक्टर व्हायला आलेली बाई डॉक्टरची वाट बघत होती, हे त्या समितीत कुणी वाचून दाखवेल आणि सगळे हसतील, वाईट मनानं नाही, पण हसतील. मी त्यांच्यात असते तर मीही हसले असते. आणि एवढं सगळं कळत असून ती मध्येच गाणं गुणगुणत होती. तिनं ते थांबवलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. मन खिन्न असताना अंगाला आनंद व्हावा, याचं तिला नवल वाटलं. जणू अंगाला काहीतरी आधी कळलं होतं आणि मनाला अजून कुणी भाषांतर करून सांगितलं नव्हतं. हिवाळाभर तिचं असंच चाललं. ती कामाला जात होती, खुर्चीच्या मागे, जरा उजवीकडे उभी राहत होती, आणि मधूनच कुठल्याशा डॉक्टरच्या पाठीकडे बघून तिच्या मनात येई, उठा ना जरा.

मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी ती आईकडे होती. गुरुवारी आईच्या स्वयंपाकघरात पत्त्यांचा अड्डा जमायचा: आई, तिची कारखान्यातली जुनी मैत्रीण ऑड्री, आणि अंकल ड्वाइट, ज्यांचं सारं आयुष्य छापखान्यात गेलं, कारण यंत्रांच्या ज्या आवाजानं इतर माणसं पळून जायची त्याचा त्यांना काडीचा त्रास नव्हता. बहिऱ्यांचं स्वयंपाकघर शांत असतं असं ज्यांना वाटतं ते तिथे कधी गेलेले नसतात. भांडी आदळत होती, खुर्च्या फरफटत होत्या, अंडं लावलेली कोंबडी शेरी वाइन आणि लिंबाच्या रसात चुरचुरत होती, आणि अंकल ड्वाइट कुणाचं लक्ष वेधायचं असलं की जमिनीवर बूट आपटायचे. कोरीनचा फोन खिशात थरथरला. तिनं कानाला लावला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं.

"कोण आहे?" आईनं लगेच हातांनी विचारलं. "छप्परवाला असेल तर त्याला सांग, तू लबाड आहेस. असंच सांग."

फोन कानाला लावलेला आणि आई समोर. कोरीन पाच वर्षांची असल्यापासून हे चाललं होतं: बँक, शाळा, वीज कंपनी, मावशी, एका हातानं फोन धरायचा आणि दुसऱ्या हातानं येईल तो शब्द आईपुढे मांडायचा. कानातलं बोट तिच्या नकळत बाहेर आलं आणि हात चालू लागला. पलीकडे एक बाई बोलत होत्या, आवाज मऊ, सावकाश, दुभाष्याला आवडावा असा. कोरीनचा सगळा जीव त्या आवाजाच्या मागे एक शब्द राहण्यात गुंतला. भांड्यांच्या, बुटांच्या, खुर्च्यांच्या आवाजांतून शब्द पकडायचा, हाताला द्यायचा, पुढचा पकडायचा. प्रवेश समितीच्या वतीनं बोलतेय. पत्र मागाहून येईलच. पण स्वतः सांगावंसं वाटलं. आम्ही फार आनंदानं तुम्हाला येत्या वर्षासाठी आमच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश देत आहोत. 'तुम्हाला' म्हणताना तिचं बोट समोर गेलं, खुणांच्या भाषेत जायला हवं तसं, सरळ आईच्या छातीकडे.

आईच्या हातातले पत्ते खाली आले. "मला?" ती म्हणाली.

ऑड्रीनं आईकडे पाहिलं. अंकल ड्वाइटनी आईकडे पाहिलं. "या वयात?" ते म्हणाले. "घेतात?"

"मी तर अर्जसुद्धा केला नाही," आई म्हणाली.

कोरीन त्यांच्या तीन चेहऱ्यांकडे बघत राहिली. हात हवेत होता, बोट अजून आईकडे होतं. शब्द केव्हाच पलीकडे पोचले होते, आणि ती मागे, अर्थाच्या अलीकडे, एकटीच राहिली होती. आधी आईला कळलं. आईच्या तोंडावरचा गोंधळ गळून गेला, भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या, आणि ते चेहऱ्यावर पसरत गेलेलं वाचता वाचता कोरीनला समजलं, की फोनवर काय सांगितलं गेलं. तिनं बोट हळूहळू वळवलं. आईकडून टेबलावर, टेबलावरून उलटं, आणि आपल्या छातीवर टेकवलं.

अंकल ड्वाइटनी दोन्ही बूट असे आपटले की ताटं उडाली. ऑड्री उठून, टाळ्या वाजवाव्यात तसं, दिव्याचं बटण वरखाली करत सुटली. "हॅलो?" फोनमधली बाई म्हणाली. "ऐकू येतंय ना? तिकडे काही पडलं का?"

"नाही, नाही," कोरीन म्हणाली. "घरची माणसं आहेत." तिचा आवाज तिला ओळखू येईना. "एक विनंती आहे. तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते पुन्हा एकदा सांगाल का? मघाशी मी दुसऱ्यांसाठी ऐकत होते."

पलीकडे बाई हसल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या. हात सवयीनं पुन्हा उठायला लागला, तेव्हा तो तिनं आईच्या हातात देऊन टाकला. आईनं तो दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला, आणि कोरीन ऐकत राहिली.